निंबामामाने काढलेलं नातं

दोन खानदेशी माणसं जगाच्या पाठीवर कुठेही भेटू देत, पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं गाव? दुसरा: कोणाचे तुम्ही? तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुठून तरी नातं निघालेलं असतं आणि चहा कोणी पाजायचा यावरून ओढाताण सुरू झालेली असते. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर कापड रंगवणारा निंबा या कामात सगळ्यांचा बाप होता. पाळी बदलताना गेटवर नवा चेहरा दिसला की तो त्याला अडवायचा आणि घाम पुसून होईपर्यंत त्याचं आजोळ, त्याच्या आत्याचं सासर आणि त्याच्या मामाचं शेत कुणाच्या बांधाला लागून आहे, इथपर्यंत पोचायचा. मिलमधले लोक म्हणायचे, निंबाभाऊंपुढे वाटेवरचं कुत्रं उभं केलं तरी ते त्याचं कूळ सांगतील.

अशा या माणसाने जन्मात एकाच खानदेशी माणसाला त्याचं गाव विचारलं नाही. कारण तो माणूस जिथे भेटला तिथे गाव विचारायची बंदी होती.

निंबाला एक व्यसन होतं, आणि ते दारूचं नव्हतं. तरुणपणी गावाकडून सुरतेत आला तेव्हा स्टेशनकडच्या व्हिडिओ पार्लरपासून सुरुवात झाली. मग लॉज, मग पैसे घेणाऱ्या बायका, आणि पुढे मोबाइल आल्यावर तर सगळा बाजारच खिशात आला. लोक याला बाईचा नाद म्हणतात आणि डोळा मारून हसतात. नादात निदान मजा तरी असते. निंबाला मजा कधीच संपून गेली होती. परत येताना तो रिक्षात तोंड फिरवून रडायचा, देवाची शपथ घ्यायचा, आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा त्याच जिन्यापाशी उभा असायचा. दारूला निदान वास असतो; बायको ओळखते, शेजारी ओळखतात, कुणाला कीवही येते. या रोगाला वास नाही, आणि कीव तर कुणाच्या बापाला येत नाही.

त्याची बायको शोभाबाई हिला हे कळलं ते दवाखान्यात. ओटीपोटातल्या दुखण्यासाठी गेली होती. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला हळू आवाजात एक प्रश्न विचारला, जो कुठल्याही बायकोला कुणी विचारू नये. शोभाबाईंनी घरी येऊन आरडाओरडा केला नाही. भाकरी टाकल्या, त्याला वाढलं आणि अंथरूण वेगळं केलं. तोवर तिला मूल झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. त्याचा या दुखण्याशी संबंध होता की नव्हता, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

ती माहेरी निघून जायचीच. गाठोडंही बांधलं होतं. पण त्याच सुमाराला निंबाची धाकटी बहीण मंदा, नवरा गेल्यावर, कडेवर पोरगी घेऊन दारात आली. ती पोरगी धनश्री. ती शोभाबाईंच्या गळ्यात पडली ती सुटलीच नाही, आणि गाठोडं आपोआप सुटलं. म्हणजे हे घर उभं होतं ते धनश्रीच्या जिवावर. निंबाला ते पक्कं ठाऊक होतं. तिच्या शाळेच्या वेण्यांपासून कॉलेजच्या फीपर्यंत त्याने कुठेही कमी पडू दिलं नाही. मंदाचा नवरा गेला तेव्हाच सगळ्या भाऊबंदांसमोर ठरलं होतं की पोरीचं लग्न मामा ठरवील आणि मामाचा शब्द शेवटचा.

बऱ्याच वर्षांनी एका सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांनी निंबाला एक पत्ता दिला. उधन्यात साड्यांच्या दुकानावर एक ट्युशन क्लास होता. रविवारी दुपारी तो रिकामा असायचा. तिथे दहा-बारा माणसं जमायची. हिरे घासणारा एक काठियावाडी, लूमवरचा एक ओडिया, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सगळे तिसरी-चौथीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, भिंतीवर गुजराती पाढे. एकेकाने आळीपाळीने हिंदीत बोलायचं. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. फक्त पहिलं नाव सांगायचं. आडनाव नाही, गाव नाही, मिलचं नाव नाही. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, आणि बाहेर रस्त्यात कुणी भेटलं तर ओळख द्यायची नाही. एवढेच नियम. घरी निंबा सांगायचा, सत्संगाला जातो. शोभाबाईंना खरं माहीत होतं. मंदा आणि धनश्री सत्संगच समजत होत्या आणि रविवारी त्याच्यासाठी धुतलेला सदरा काढून ठेवत होत्या.

त्या बाकावर निंबा माणसात आला. एकदम नाही, घसरला, उठला, पुन्हा घसरला. पण हळूहळू जिने सुटले, साधा बटणांचा फोन आला, आणि एका संक्रांतीला शोभाबाईंनी कितीतरी वर्षांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्या दिवशी तो मिलमध्ये मशीनच्या आडोशाला जाऊन रडला.

दोन वर्षांपूर्वी तिथे एक नवा पोरगा आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणही लावलेला. हिंदीत म्हणाला, मेरा नाम कुंदन. पुढे दोन वाक्यं बोलला आणि त्याचं हिंदी संपलं. रडू आलं की माणूस परक्या भाषेत रडत नाही. तो खाली बघून अहिराणीत बोलायला लागला, “माले काही समजत नही. मनमा येस, जीव दी टाकू.” खोलीतल्या कुणाला ते कळलं नाही. निंबाला मात्र कळलं, आणि इतकं कळलं की तो नियम मोडून जागेवरून उठला आणि त्या पोराच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसला.

तिथली पद्धत अशी की नव्या माणसाने एक जुना माणूस साथी म्हणून निवडायचा. मन घसरायला लागलं की त्याला फोन करायचा. कुंदनने निंबाला निवडलं. तो दादा म्हणायचा. पोरगा पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापडाच्या तपासणीवर होता. तेही नकळत त्याच्या तोंडून निसटलं, निंबाने विचारलं नव्हतं. गाव विचारायला निंबाची जीभ कितीदा वळवळली, पण त्याने ती दाताखाली धरली. याचा त्याला अभिमानच होता. पोराचा फोन यायचा, आणि निंबा म्हणायचा, “आठे ये, चहा पिऊत.” मग दोघं उधन्याच्या एखाद्या टपरीवर बसायचे. निंबा त्याला सांगायचा, “तू आजारी शेस, वाईट नही.” हे वाक्य त्याला स्वतःला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, म्हणून तो ते पुन्हा पुन्हा सांगायचा. आणि पोरगा सुधारला. अगदी डोळ्यांदेखत सुधारला. वरचं बटण उघडलं, हसायला लागला, आईबद्दल बोलायला लागला. पोटचा पोरगा असता तर असाच असता, असं निंबाला वाटायचं. मोठ्याने तो ते कधी बोलला नाही.

गेल्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर भाईदासने धनश्रीसाठी स्थळ आणलं. भाईदास म्हणजे लिंबायतचा लग्नं जुळवणारा. त्याच्या डोक्यात अर्ध्या खानदेशातली उपवर पोरं-पोरी बसलेली असतात. पोरगा सुरतेतच, निर्व्यसनी, एकुलता एक, बाप नाही, आई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. दारू नाही, गुटखा नाही. “असा पोऱ्या दिवा लाईसन सापडाव नही,” भाईदास म्हणाला. नाव त्याने सांगितलं होतं, पण कुंदन नावाची पोरं खानदेशात ढिगाने आहेत. निंबाने गाव ऐकलं, कूळ ऐकलं, मान डोलावली. मंदाने पोहे केले, धनश्रीने आकाशी पंजाबी ड्रेस घातला.

दारात चपला काढून पोरगा आत आला आणि निंबाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

दोघांनी नियम पाळला. ओळख दिली नाही. कुंदनने वाकून पाया पडताना निंबाचा पाय नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला, एवढंच. बोलणी सुरू झाली. पोराची आई सुषमाबाई मोकळ्या मनाची बाई. माझी आई बेटावदची, माझ्या आईला सात बहिणी, असं सांगत होती. भाईदासने पोरा-पोरीला जरा बोलायला गच्चीवर पाठवलं. ती दोघं खाली आली तेव्हा धनश्रीचा चेहरा पाहून मंदाने देवाला हात जोडले. पोरगी लाजली नव्हती. ती विचारात पडली होती, आणि पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत होती. आवडलेल्या माणसाकडे बघावं तशी.

ते पाय धरणं शोभाबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर तिने निंबाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं. “तो पोऱ्या तुमना रविवारना शे ना?”

निंबा काही बोलला नाही. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं. पण संसार केलेल्या बाईला न बोललेलंही ऐकू येतं. शोभाबाई ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिने हळूच सांगितलं की लग्नाआधी तिच्या वडिलांनी निंबाची चौकशी करायला माणूस धाडला होता. त्या माणसाला गावात सगळ्यांनी सांगितलं होतं, पोरगा निर्व्यसनी आहे. त्यातल्या एकाला जरी खरं माहीत असतं आणि त्याने तोंड उघडलं असतं, तर तिचं आयुष्य काय झालं असतं, हे तिने मनात पुष्कळदा चालवून पाहिलं होतं. एवढं बोलून तिने पोह्यांच्या बशा घासायला घेतल्या.

दुधाने तोंड पोळलेली बाई ती. ती ताक फुंकणारच. तिला दोष देता येत नाही. निंबालाही एकट्याला देता येत नाही. त्याने दोन दिवस विचार केला. पोरगा कसा आहे? चांगला आहे. सुधारला आहे? सुधारला आहे. पुन्हा घसरेल? इथे निंबा अडला. कारण तो स्वतःकडे बघत होता. लॉजचा जिना दिसला की अजूनही त्याच्या पायात काहीतरी हलत होतं. आपलं हे असं आहे तर त्याचं तसंच असणार, असं त्याने ठरवलं. रविवारी बाकावर बसून जे तो दुसऱ्याला सांगत होता त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता, हे त्याला त्या दोन दिवसांत कळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

नकार द्यायचा तर कारण द्यावं लागतं. खरं कारण सांगता येत नव्हतं; सांगितलं असतं तर पोराची अब्रू गेली असती, आणि ते तुम्हाला कसं माहीत, हा प्रश्न घेऊन लोक निंबाच्याच दारात आले असते. नुसतं नाही म्हटलं असतं तर पोरात काही खोट आहे असं भाईदासने गावभर केलं असतं. मग निंबाने तेच केलं जे त्याला सगळ्यात चांगलं यायचं. त्याने नातं काढलं. म्हणाला, सुषमाबाईंची आई बेटावदची ना? आमची आईही त्याच भाऊबंदकीतली. दोघी चुलत बहिणी लागतात. म्हणजे मंदा आणि सुषमाबाई बहिणी, आणि पोरं मावसभाऊ-बहीण. हे लग्न होत नाही.

निंबाची आई खरं तर तापीपलीकडची, चोपड्याच्या बाजूची. पण ती गेली तेव्हा मंदा मांडीवर होती. तिला आईचं तोंडही आठवत नव्हतं, तर माहेर कुठून आठवणार. आणि नात्याच्या बाबतीत निंबाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. भाईदास म्हणाला, बरं झालं, वेळेवर निघालं. मेलेल्या आईचं माहेर निंबाने असं एका वाक्यात बदलून टाकलं आणि त्याला वाटलं, झालं, कुणाचं मन न दुखवता सुटलो.

पण खोटं बोलायचंच तर परक्या माणसाशी बोलावं. आपल्या माणसांशी बोललं की ते संसार मांडून बसतं. सुषमाबाईंना राग आला नाही, उलट आनंद झाला. नवरा गेला, माहेर तुटलं, सुरतेत जवळचं कुणी नाही, आणि आता एकदम भाऊ, बहीण, भाची मिळाली. चार दिवसांनी ती खणा-नारळाची पिशवी घेऊन दारात हजर. “म्हंजे तुम्ही मन्हा भाऊच व्हयनात,” म्हणाली, आणि निंबाच्या पाया पडली. मंदा तिच्या गळ्यात पडून रडली. दोघींना खरंच बहीण हवी होती. निंबा खुर्चीवर बसून दोघींकडे बघत राहिला.

त्या दोन-तीन महिन्यांत कुंदन रविवारी येत होता, पण निंबाच्या शेजारी बसत नव्हता. स्वतःची पाळी आली की म्हणायचा, आज बोलना नहीं है. निंबाने दोनदा त्याला चहाला बोलावलं. काम आहे, म्हणाला.

मग राखी पौर्णिमा आली. सुषमाबाई पोराला घेऊनच आली. “बिनबहिनना पोऱ्या शे मन्हा,” तिने मंदाला सांगितलं, “आते देवनी बहीन दिधी.” यात तिचं काय चुकलं? मावसबहीण असेल तर ती राखी बांधणारच. मंदाने पाट मांडला. शोभाबाई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आली नाही. कुंदन पाटावर बसला, डोक्यावर रुमाल टाकला, हात पुढे केला. धनश्रीने ओवाळलं. राखीची गाठ तिला बसेना. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. कुंदनने ताटात एक पाकीट ठेवलं आणि वर बघितलं ते तिच्याकडे नाही, निंबाकडे. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर निंबाला सोसला असता. जिन्यात उतरताना पोरगा हळूच म्हणाला, “रविवारले येस, दादा.” तो त्या रविवारी आला नाही, आणि नंतरही नाही.

दिवाळीच्या आधी सुषमाबाई भेटायला आली ती डोळे सुजवून. कुंदनने पलसाण्याची नोकरी सोडली. इच्छापोरला कुठल्याशा ठेकेदाराकडे लागला आणि तिकडेच खोली घेऊन राहतो. घरी येत नाही, फोन उचलत नाही, उचलला तर बरं आहे म्हणून ठेवतो. “निंबाभाऊ, तुम्ही मामा शेतस. तुमनं ऐकी तो.” तिने पदराने तोंड पुसलं आणि पत्ता पुढे केला. भावाकडे मागायचा हक्क आहे अशा विश्वासाने ती मागत होती.

निंबा इच्छापोरला गेला. हजिऱ्याच्या रस्त्याला आत, पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. दोऱ्यांवर कामगारांचे निळे डगले वाळत होते. कुंदन पलंगावर बसला होता. गालफडं बसली होती, शर्टाचं वरचं बटण पुन्हा लावलेलं. निंबाला पाहून त्याने हातातला मोबाइल झटकन पालथा ठेवला. निंबाला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. ती हालचाल त्याला आपल्या हाताइतकी ओळखीची होती.

“या, बसा,” कुंदन म्हणाला. “एवढ्या लांब कशाला त्रास घेतला?”

पोरगा त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलत होता. बँकेत बोलतात तसं. निंबाच्या काळजात तेच पहिलं रुतलं.

“कुंदन, मन्ही चूक व्हयनी,” निंबा म्हणाला.

“चूक कसली? मी तुमच्या जागी असतो तर मीही घरची पोर दिली नसती.” त्याचा आवाज अगदी साधा होता, टोमणा नव्हता. “मी तुमच्याशी एक शब्द खोटं बोललो नाही. आईला माहीत नाही ते सगळं तुम्हाला माहीत आहे. सगळं माहीत असलेल्या माणसाने जे ठरवलं ते बरोबरच असणार. मला उगाच वाटायला लागलं होतं की मी बरा झालो.”

निंबाने त्याला सांगायचा प्रयत्न केला. तू बराच होतास, भीती माझी होती, माझ्या बायकोची होती, तुझी नव्हती. शब्द तोंडातून निघत होते आणि त्या पत्र्याच्या खोलीत खोटे वाटत होते. रविवारी ये, एवढं तरी ऐक, तो म्हणाला. कुंदनने जरा विचार करून विचारलं, “आता काय करायचं येऊन?” पोराने चहा मागवला, पाजला, रस्त्यापर्यंत सोडायला आला, रिक्षा करून दिली. पाहुण्याचं करावं तसं सगळं केलं.

पुढच्या वेळी निंबा गेला तेव्हा त्या खोलीत बिहारकडची पोरं राहत होती. फोन बंद. कुणी म्हणालं वापीला गेला, कुणी म्हणालं आणखी लांब. सुषमाबाईंनी नवस केले, फोटो घेऊन ठेकेदारांकडे फिरल्या. निंबा बरोबर फिरला. रविवारी बाकावर बसून त्याने एकदा सगळं सांगितलं, नाव न घेता. एका माणसाला मी म्हणायचो तू आजारी आहेस, वाईट नाहीस, आणि तो माझ्या दारात आला तेव्हा मी दार लावलं. नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी कुणी आई-बहिणीवरून शिवी दिली असती तर निंबाला बरं वाटलं असतं.

धनश्रीचं लग्न माघात झालं. मुलगा नंदुरबारचा, शाळेत मास्तर, खरंच चांगला. निंबाने या वेळी इतकी चौकशी केली की भाईदासही वैतागला. मांडवात सुषमाबाई मावशी म्हणून मिरवल्या, पोरीची पाठवणी करताना मंदाइतक्याच रडल्या. कशासाठी रडत होत्या ते निंबाला माहीत होतं.

पहिल्या आखाजीला पोर माहेरी येते, तशी धनश्री यंदा मामाकडे आली. शोभाबाईंनी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. सुषमाबाई जेवायला होत्या. दोन घास खाऊन लवकर निघाल्या. घरात एकटं बसायची त्यांना सवय झाली होती, आणि न जाणो, पोरगा सणाला आला तर दार उघडं हवं, म्हणाल्या. त्या गेल्यावर धनश्री निंबाच्या समोर येऊन बसली. तो आंबा खात होता.

“मामा, कुंदनदादाचं काहीच कळत नाही का हो?”

“नही, बेटा.”

धनश्रीने स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, “मी हे कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी गच्चीवर त्याने मला सांगितलं होतं की माझ्यात एक वाईट गोष्ट आहे. आज बोलायची हिंमत होत नाही, पण पुढच्या भेटीत सगळं सांगणार. म्हणाला, एक माणूस आहे, त्याला मी शब्द दिलाय. तो माणूस त्याला म्हणाला होता, लग्नाआधी पोरीला सगळं सांग आणि तिला ठरवू दे. तिने नाही म्हटलं तर मान खाली घालून परत ये, पण लपवून कुणाच्या घरात शिरू नकोस.”

उधन्याच्या टपरीवर, ओला बाक रुमालाने पुसून बसल्यावर, निंबा हे बोलला होता. अगदी याच शब्दांत. आणि पोराने त्याच्या पायाला हात लावून शब्द दिला होता. निंबा ते साफ विसरला होता. उपदेश करणाऱ्याला आपला उपदेश आठवत नाही. ज्याला पाळायचा असतो त्यालाच तो आठवतो.

“मी म्हटलं, सांगा, मी ऐकेन,” धनश्री म्हणाली. “हो म्हटलं असतं की नाही, ते मला अजूनही माहीत नाही. पण ऐकलं असतं मामा. मी वाट बघत होते. मग तुम्ही नातं काढलं.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी काय म्हणते, तो माणूस कोण, ते शोधायला पाहिजे. कुंदनदादा त्याला फार मानायचा. कुणाला नाही तरी त्याला तो कुठे आहे ते माहीत असेल.”

“त्याले बी माहीत नही, बेटा,” निंबा म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं. आंब्याचा रस मनगटावरून ओघळत होता आणि तो पुसायचं त्याला सुचलं नाही. धनश्री त्याच्याकडे बघत होती. त्याच्या तोंडाकडे, मग खुंटीवर अडकवलेल्या त्याच्या रविवारच्या सदऱ्याकडे, मग पुन्हा त्याच्या तोंडाकडे. तिला बरंच काही एकदम समजत चाललं होतं. “आपल्या आजीचं माहेर बेटावदचं नव्हतंच ना?” तिने विचारलं.

निंबाने मान हलवली. नव्हतं.

धनश्रीने त्याचं ताट उचललं, आत नेऊन ठेवलं आणि आपली पिशवी भरायला घेतली. मंदा विचारत राहिली, अगं, चार दिवस राहणार होतीस ना? पोरगी सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर निंबाच्याही पाया पडली. रिवाज होता म्हणून. आणि दुपारच्या गाडीने ती नंदुरबारला निघून गेली.